चार अक्षरे

थोडेफार शिकलेल्या माणसाला आमच्याकडे ‘चार अक्षरे शिकलेला’ म्हणतात. मी तसा चारच अक्षरे शिकलेला. मॅट्रिकच्या पलीकडे माझी मजल गेली नाही. गावातल्या विनाअनुदानित शाळेला मराठी शिकवायला कुणी मिळेना, म्हणून संस्थेच्या मंडळींनी मला तात्पुरता वर्गावर उभा केला, आणि त्या तात्पुरतेपणाला आता पंचवीस वर्षे होत आली. मधल्या काळात तीन कादंबऱ्याही लिहून झाल्या. तेव्हा दुसरे काही नाही तरी अक्षर म्हणजे काय हे आपल्याला कळते, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीचा फुगा गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री फुटला.

झाले असे. सुटी लागण्यापूर्वी शाळेचा बक्षीस समारंभ झाला. पाठांतरात पाचवीतली एक मुलगी पहिली आली होती. तिचे नाव ज्ञानेश्वरी. प्रशस्तिपत्रे आता हाताने लिहीत नाहीत. माझ्या भाच्याने शाळेसाठी वेबसाइट करून दिली आहे, तिच्यातून ती छापून निघतात. व्यासपीठावर पाहुण्यांनी कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचले, “ज्ञानेश!” मुलगी जागची हलेना. पाहुण्यांनी पुन्हा पुकारले. मग मी कागद पाहिला. त्यावर ‘ज्ञानेश्’ असे छापले होते. शेवटच्या श चा पाय मोडलेला, आणि पुढचे ‘वरी’ गायब. सारा मंडप हसला. ती आली, बक्षीस घेतले, आणि मान खाली घालून गेली. त्यानंतर सुटीपर्यंतचे तीन दिवस ती शाळेत आली नाही. मुलांनी तिचे ‘ज्ञानेश’ करून टाकले होते.

भाचा पुण्याला एका कंपनीत प्रोग्रामर आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याने बॅग खाली ठेवण्यापूर्वीच मी तो कागद त्याच्या हातात दिला. लाल शाईने मी त्या नावाखाली दोन रेघा ओढून ठेवल्या होत्या. पंचवीस वर्षांची सवय, दुसरे काय! त्याने कागद पाहिला, त्या रेघाही पाहिल्या, आणि काही न बोलता घडी करून खिशात घातला.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. हाच भाचा चौथीत माझ्या वर्गात होता. एकदा त्याच्या शुद्धलेखनात सतरा चुका निघाल्या. घरचा म्हणून सूट दिली असे कुणी म्हणू नये, या विचाराने मी त्याला वर्गापुढे उभे करून सतराच्या सतरा चुका मोठ्याने वाचायला लावल्या. पुढे वर्षअखेरीस वह्या गोळा केल्या, तेव्हा त्याची शंभर पानी वही हाताला हलकी लागली. मोजली, तर पाने निघाली बासष्ट. लाल शाई पडलेले प्रत्येक पान त्याने फाडून टाकले होते. मी त्याबद्दलही त्याला शिक्षा केली. ती पाने त्याला फाडायला कुणी शिकवले, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

असो. त्या रात्री आक्का स्वयंपाकघरात चकल्या तळत होती आणि ओटीवर भाचा लॅपटॉप उघडून बसला होता. मी जवळ खुर्ची ओढली. मला वाटले, तो आता भराभर काहीतरी दुरुस्त करील. पण तसे त्याने मुळीच केले नाही. आधी त्याने तेच नाव घालून पुन्हा तेच मोडके प्रशस्तिपत्र पडद्यावर काढले.

“हे कशाला? चूक तर आपल्याला ठाऊकच आहे,” मी म्हणालो.

“मामा, चूक आपल्यासमोर पुन्हा घडवता आली पाहिजे. नाहीतर ती गेली की नुसती लपली, हे कळायचं कसं?”

मग त्याने वर्गातली इतर नावे घालून पाहिली. सायली ठीक आली, अनिकेत ठीक आला, लक्ष्मीसुद्धा सुखरूप आली. ‘प्राजक्ता’ मात्र ‘प्राजक्त’ होऊन बाहेर पडली! मी चमकलो. त्या मुलीलाही चित्रकलेचे बक्षीस मिळाले होते, आणि ‘प्राजक्त’ हा शब्द दिसायला पुरा असल्यामुळे ती चूक कुणाच्याच लक्षात आली नव्हती. भाचा म्हणाला, “ओरडणारी चूक परवडते, मामा. मुकाट चूक वाईट.”

पुढचा तासभर त्याचा छपाईच्या अक्षरवळणावर, म्हणजे फाँटवर, संशय होता. तो तास वाया गेला. तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मामा, तुम्ही आता बदक व्हा.”

मी थक्क होऊन पाहू लागलो. तुम्हीही हसाल. पण ही त्यांच्या धंद्यातली मान्यताप्राप्त रीत आहे. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ साली निघालेल्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या पुस्तकामुळे ती प्रसिद्ध झाली. टेबलावर रबराचे बदक ठेवायचे आणि आपला कोड त्याला ओळीओळीने समजावून सांगायचा. बदकाला काही कळत नाही, म्हणून काहीच गृहीत धरता येत नाही. आणि गृहीत धरलेल्या जागीच बहुधा चूक दबा धरून बसलेली असते. मी बदक झालो. तो सांगू लागला. नाव पत्रकातून येते, साठ्यात जाते, तिथून पानावर येते, पानावरून छपाईला जाते. मी मध्येच विचारले, “पण गेल्या वर्षी तर नावे धड आली होती की?”

तो थांबला. “बरोबर. मग कधीपासून बिघडलं, हेच शोधू.”

इथे मला ‘गिट’ नावाची चीज प्रथम नीट कळली. लिनस टॉरव्हल्ड्स या फिनलंडच्या गृहस्थाने एप्रिल २००५ मध्ये ती करायला घेतली. प्रोग्रामर जो जो बदल करतो त्याची नोंद ती ठेवते: कोणी केला, कधी केला, काय बदलले, आणि का बदलले ते करणाऱ्याने एका ओळीत लिहायचे. वर्षभरात भाच्याने शाळेच्या साइटवर एकशे ऐंशी बदल केले होते. मी म्हणालो, “अरे, एकशे ऐंशी तपासायला भाऊबीज उजाडेल!” तो हसला. मोल्सवर्थचा कोश आपण कसा पाहतो? मधोमध उघडतो, शब्द पुढे असेल तर मागचा अर्धा सोडून देतो. त्यानेही तसेच केले. नव्वदाव्या बदलापाशी साइट जशी होती तशी उभी केली आणि ज्ञानेश्वरीला बोलावले. ती धड आली; म्हणजे चूक त्यानंतरची. मग उरलेल्याचा मध्य, पुन्हा त्याचा मध्य. एकशे ऐंशी बदलांना आठ खेपा पुरतात. मी बोटांवर मोजत होतो. आठव्या खेपेला गुन्हेगार सापडला.

आणि भाच्याने हळूच पडदा आपल्या बाजूला वळवला.

“काय रे?”

“काही नाही. सापडलं. दुरुस्त करतो.”

मास्तराला ‘काही नाही’ या दोन शब्दांचा अर्थ लावावा लागत नाही. मी पडदा माझ्याकडे फिरवला. जूनमधली नोंद होती: “नाव आठ अक्षरांपर्यंत. मामांना विचारून.”

मला सगळे आठवले. एका मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव असे सारे एकाच रकान्यात भरले गेले होते आणि ते चौकटीबाहेर चालले होते. मीच फोनवर तक्रार केली. त्याने विचारले होते, “नुसत्या नावाला जास्तीत जास्त किती अक्षरं लागतील?” आणि मी मराठीच्या अधिकारवाणीने सांगितले होते, “आठ म्हणजे डोक्यावरून पाणी!”

“पण ज्ञानेश्वरीत चारच अक्षरे आहेत,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“तुमच्या हिशोबानं चार. यंत्राच्या हिशोबानं अकरा.”

त्याने वहीच्या पाठपानावर लिहून दाखवले. यंत्राच्या खातेवहीत ‘ज्ञा’ हे अक्षरच नाही. तिथे ज, हलन्ताची खूण, ञ आणि काना अशा चार नोंदी आहेत. ‘ने’ च्या दोन, ‘श्व’ च्या तीन, ‘री’ च्या दोन. झाल्या अकरा. युनिकोड नावाच्या जगभरच्या लिप्यांच्या तक्त्यात देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, ती अशीच सुट्या खुणांनी मांडलेली. आठ खुणा मोजून कात्री लावली की नेमका ‘ज्ञानेश्’ उरतो. आणि ही खूण साठवताना तिचे बाइट करतात, ते प्रत्येकी तीन. म्हणजे हेच नाव तेहतीस बाइटांचे. त्या साठवणुकीची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन यांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, रॉब पाइक यांच्याबरोबर जेवायला बसले असता, ताटाखालच्या कागदावर मांडली.

चार, अकरा आणि तेहतीस. तिन्ही उत्तरे बरोबर. चूक उत्तरात नव्हतीच, ‘कशाची मोजणी?’ हे कुणी विचारले नव्हते.

“मग माझं नाव कशाला लपवत होतास?” मी विचारले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तुम्ही अक्षरं मोजलीत, मी खुणा कापल्या. विचारायला मी हवं होतं. उगाच तुम्हाला वाटलं असतं...”

काय वाटले असते, ते त्याने सांगितले नाही. मला बासष्ट पानांची ती वही दिसली.

तेवढ्यात आक्का चकल्यांचे ताट घेऊन आली. पहिल्या दोन मोडल्या होत्या. “मोहन जास्त झालं असेल,” मी म्हणालो. “असेल नाहीतर पाणी कमी पडलं असेल,” ती म्हणाली, “म्हणून आधी नुसत्या पाण्याचा हात लावून एकच टाकून बघितली. दोन्ही एकदम बदललं तर काय चुकलं होतं ते कसं कळणार?” भाच्याने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. ही विद्या कुठल्या कॉलेजात शिकवतात कुणास ठाऊक. आक्काला ती कढईपाशी बसून आली आहे.

मग त्याने दुरुस्ती केली, पण तीही उलट्या क्रमाने. आधी एक चाचणी लिहिली: ज्ञानेश्वरी, प्राजक्ता, श्रीकृष्ण ही नावे आत घातली की जशीच्या तशी बाहेर आली पाहिजेत. ती चालवली. पडदा लाल झाला. मी दचकलो, तो मात्र खूश दिसला. “आधी लाल झालीच पाहिजे, मामा. जी कधी लाल झाली नाही, ती चाचणी खरंच काही तपासते यावर विश्वास कसा ठेवायचा?” त्यानंतर त्याने आठाची कात्री काढून टाकली आणि लांब नाव आले तर चौकटीनेच मोठे व्हावे अशी सोय केली. पडदा हिरवा झाला. आता पुढे कुणीही, काहीही बदलले, तरी ही नावे दर वेळी आपोआप तपासली जातील.

त्यांच्या धंद्यात चुकीला ‘बग’ म्हणतात, म्हणजे किडा. हा शब्द यंत्रवाल्यांत जुनाच होता; पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या गणकयंत्रात खरोखरीचाच एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून खाली टीप लिहिली. ते पान आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पान फाडले नाही, बघा! किडा वहीत ठेवला आणि वही जपली.

शेवटी भाच्याने बदलाची नोंद लिहिली: “आठची मर्यादा काढली. अक्षर आणि खूण यांत माझी गल्लत झाली होती. मामांचे मोजणे बरोबर होते.” मी ती दोनदा वाचली आणि मधले वाक्य बदलायला सांगितले. त्याने विचारले, “काय लिहू?” मी म्हणालो, “लिही, आमच्या दोघांची गल्लत.” त्याने तसे लिहिले.

सुटीनंतर शाळा उघडली. ज्ञानेश्वरी आली होती, शेवटच्या बाकावर. मी नवे प्रशस्तिपत्र टेबलावर ठेवले, फळ्यावर तिचे नाव लिहिले आणि वर्गाला सांगितले, “त्या दिवशीची चूक माझी होती. मी न विचारता आठ आकडा सांगितला.” वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मास्तर चुकतात हे पोरांना ठाऊक असते. मास्तर ते सांगतात, हे नवीन होते. मग मी त्या नावाचे अकरा तुकडे करून दाखवले. एकदम गलका उसळला. जो तो आपले नाव फोडू लागला. ‘ज्ञानेश’ म्हणून चिडवणारा पोरगाही आपल्या नावात हलन्त किती ते शोधत होता.

ज्ञानेश्वरी उठून पुढे आली. कागद हातात घेऊन तिने नाव वाचले, मग बोटाने एकेक अक्षर मोजले.

“सर,” ती म्हणाली, “चारच तर आहेत.”

“चारच आहेत,” मी म्हणालो.

त्या दिवसापासून माझ्या वर्गात खोडरबर बंद आहे. चूक झाली तर तिच्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर शब्द आणि खाली तारीख. लाल शाईची बाटली अजून टेबलावर असते, पण वर्षाअखेरी वह्या गोळा करतो तेव्हा आधी पाने मोजून पाहतो. यंदा सगळ्यांची शंभर भरली.