बॅटरी बिचारी निर्दोष!

ट्रॅक्टर सुरू झाला नाही की आमचे बाबा बॅटरीला शिव्या घालतात. पण मंडळी, बॅटरी म्हणजे नुसती टाकी. ती भरणारा वेगळाच! जुन्या मोठ्या ट्रॅक्टरांवर डायनामो असायचा. इंजिन हळू फिरत असलं की तो जवळजवळ काहीच देत नाही. अल्टरनेटर कमी फेऱ्यांवरही बऱ्यापैकी चार्ज करतो. छोट्या ट्रॅक्टरांवर बऱ्याचदा कायम चुंबकाचा लहानसा डायनामो. जादा दिवे लावले की त्याचा जीव संपला.

म्हणून बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, रेस दिल्यावर १४च्या आसपास. आकडा वाढलाच नाही, तर चार्जिंग होत नाहीये.

बाबा रात्री उसाची ट्रॉली घेऊन कारखान्यावर जातात. मागचे दिवे मंदावले तर मागून येणाऱ्याला दिसणार काय? त्यामुळे हल्ली फोनवर मी खुशालीआधी व्होल्ट विचारतो.