गिधाड रिटर्न्स!

आमच्या लातूर-नांदेडकडे गिधाडं आता फक्त आजोबांच्या गप्पांत भेटतात. गावाबाहेर हाडोळ्यावर मेलेलं जनावर टाकलं की बघता बघता गिधाडं उतरायची, सांगाडा तेवढा उरायचा, म्हणे. माझ्या वयाच्या कुणी हे पाहिलेलंच नाही.

नव्वदच्या दशकात ती झपाट्याने संपत गेली. व्हिलन सापडला २००४मध्ये. डायक्लोफेनॅक! जनावराच्या दुखण्यावरचं साधं इंजेक्शन. ते टोचल्यावर एक-दोन दिवसांत मेलेलं जनावर खाल्लं, की गिधाडाच्या किडन्या फेल. २००६मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

आता गुड न्यूज. जानेवारी २०२४मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या पैदास केंद्रातून २० गिधाडं आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणली. 'मग सुटला की प्रॉब्लेम,' ऑफिसातला मित्र म्हणाला. थांब रे बाबा!

कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटाची गोष्ट ऐक. डीडीटीमुळे तिथले बाल्ड ईगल नाहीसे झाले. अमेरिकेने १९७२मध्ये डीडीटीवर बंदी घातली, १९८०पासून बेटावर गरुड आणून सोडले. जोड्याही जमल्या. पण आसपासच्या समुद्रात मुरलेलं डीडीटी माशांतून त्यांच्या पोटात जायचं आणि अंडी फुटायची. माणसाच्या मदतीशिवाय पिल्लं जन्मली ती थेट २००७मध्ये. म्हणजे पक्षी आणणं सोपं, त्याचं ताट स्वच्छ करणं महाकठीण.

आणि आपल्याकडे तर बेटही नाही, बॉस! ताडोब्यातून सोडलेलं एक गिधाड जीपीएस टॅग घेऊन पार तामिळनाडूत पोचलं. उद्या एखादं कंधारच्या किंवा देवणीच्या शिवारात उतरलं, तर त्याच्या ताटात काय असेल?

गेल्या दिवाळीत काकांचा देवणी बैल लंगडत होता. 'डॉक्टर कोणतं इंजेक्शन देतात?' मी विचारलं. 'दुखायचं देतेत की. नाव कोण इचारतंय?' काका म्हणाले. मी रिकामी बाटली शोधून वाचली. मेलॉक्सिकॅम. हुश्श! तेच दुखणं थांबतं आणि गिधाडही जगतं. अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन मात्र घातकच. २०२३मध्ये जनावरांसाठी त्यांच्यावरही बंदी आलीय.

गिधाडाची मादी वर्षाला जेमतेम एक अंडं घालते. एक चुकीची बाटली किती महागात पडेल, हिशेब करा.

गावाकडे फोन केला की पाऊसपाणी विचारता ना? आता एक प्रश्न वाढवा. 'बैलाला कोणतं इंजेक्शन दिलं?'