सुरतेच्या किल्ल्यासमोर बारभाईंची आठवण

मराठी माणूस सुरतेस राहतो असे कळले, की शिवाजीमहाराजांच्या स्वाऱ्यांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. १६६४ आणि १६७० अशी दोनदा महाराजांनी ही पेठ लुटली. गुजराती शेजारी हा विषय हसतहसत काढतात आणि आम्हीही तो हसतच ऐकतो. परंतु त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आणखी एक मराठी पुरुष सुरतेस आला, त्याच्याविषयी मात्र आम्हांस कोणी विचारीत नाही. तो होता रघुनाथराव पेशवा, आपला राघोबादादा. अटकेपर्यंत घोडी नेणारा हा वीर १७७५ साली सुरतेस आला तो आश्रय मागण्यासाठी, आणि त्याला येथवर पळविले ते त्याच्याच दरबारातील मुत्सद्द्यांनी.

आमचे लिंबायत शहराच्या पूर्व अंगाला, रेल्वेरुळांच्या पलीकडे वसले आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे तापीकाठच्या भुसावळ-सुरत लोहमार्गाने आली, मागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत लागली, आणि येथलीच झाली. श्रावणात कानबाई बसते, गल्लीत अहिराणी ऐकू येते, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत पोरे बाराखडी गिरवितात. पाहुण्यांना शहर दाखवायचे म्हणजे गरनाळ्याखालून निघून, कापड बाजाराची गर्दी ओलांडून चौकात किल्ल्यापाशी यायचे. तापीच्या काठावरचा हा किल्ला सोळाव्या शतकात, गुजरातच्या सुलतानाच्या अमदानीत खुदावंदखानाने बांधला. महानगरपालिकेने त्याचा जीर्णोद्धार करून आत संग्रहालय मांडले आहे. १७५९मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला, म्हणजे राघोबादादा सुरतेस पोहोचला तेव्हा या बुरुजांवर सत्ता इंग्रजांचीच होती.

मागची हकीकत बहुतेकांस ठाऊक असेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याचा खून केला आणि चुलता रघुनाथराव पेशवा झाला. ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला या कथेतच आपले लोक रमतात. आम्हांस तिच्यापेक्षा पुढील वर्ष अधिक महत्त्वाचे वाटते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून पेशव्यास दोषी ठरविले, देहांत प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे सांगितले आणि पुणे सोडले. ज्याच्या हाती सारी सत्ता, त्यालाही कायदा लागू आहे, हे एका पगारी न्यायाधीशाने तोंडावर सांगितले. पण नुसत्या निकालाने पेशवा गादीवरून उतरत नाही. ते काम बारभाईंनी केले.

सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके, मोरोबा फडणीस असे कारभारी आणि सरदार एकत्र आले. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेऊन तिच्या नावाने त्यांनी कारभार सुरू केला आणि रघुनाथरावाचे हुकूम मानणे बंद केले. मार्च १७७४मध्ये पंढरपुराजवळ कासेगावच्या लढाईत त्रिंबकराव पेठे पडले, तरी कट मोडला नाही. १८ एप्रिलला मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे आणविण्यात आली. हरिपंतांनी पाठलाग करून फेब्रुवारी १७७५मध्ये आनंदजवळ दादाचा पराभव केला, आणि तो खंभात, भावनगर करीत समुद्रमार्गे सुरतेस आला.

अशीच एक गोष्ट इंग्लंडात साडेपाचशे वर्षांपूर्वी घडली होती. तेथील राजा जॉन हाही चुलताच. त्याचा पुतण्या आर्थर १२०३मध्ये कैदेत असता नाहीसा झाला आणि त्याच्या मृत्यूचा संशय जॉनवर आला. पुढे फ्रान्समधील पराभव आणि करांचा जाच यांमुळे सरदार उठले. १५ जून १२१५ रोजी थेम्स नदीकाठच्या रनीमीड येथील कुरणात त्यांनी राजाकडून एक सनद मान्य करून घेतली, ती मॅग्ना कार्टा. राज्याच्या सल्ल्यावाचून युद्धाचा कर बसवू नये, कायदेशीर निवाड्यावाचून स्वतंत्र माणसास कैद करू नये, आणि राजाने वचन मोडले तर पंचवीस सरदारांनी त्याचे किल्ले व जमिनी जप्त कराव्यात, अशी तिची कलमे. राजाने ती दोनतीन महिन्यांतच पोपकडून रद्द करविली. सरदारांनीही मग फ्रान्सच्या राजपुत्रास बोलाविले. तेव्हा परक्याला घरात घेणे ही काही राघोबाचीच खासियत नव्हे. वर्षभरात जॉन मरण पावला, नऊ वर्षांचा हेन्री गादीवर आला, आणि त्याच्या पालकांनी ती सनद आपण होऊन पुन्हा जाहीर केली. १२२५मध्ये ती आणखी एकदा निघाली. राजे बदलले, सरदार मेले, कागद राहिला.

आपल्याकडे चुलता होता, पुतण्याचा खून होता, अल्पवयीन धनी होता, एकत्र आलेले सरदार होते. कागद तेवढा नव्हता. पेशव्याने काय करू नये, कोणाला विचारल्यावाचून करू नये, आणि केलेच तर त्याला कोणी आवरावे, हे बारभाईंनी कोठे लिहून ठेवले नाही. वास्तविक पेशवाईस कराराची ओळख नव्हती असे नव्हे. १७५०मध्ये सांगोल्यास झालेल्या करारानेच छत्रपती रामराजांचा अधिकार पेशव्याकडे आला होता. धन्याचे हात बांधून पेशवा मोठा झाला, पण पेशव्याचे हात बांधण्याची वेळ आली तेव्हा माणूस बदलला, नियम केला नाही.

त्याचा परिणाम लवकरच दिसला. १७७८मध्ये मोरोबाने नानांविरुद्ध उठाव केला आणि तो कैदेत पडला. पुढच्या वर्षी सखारामबापूंचीही तीच गत झाली. साडेतीन शहाण्यांत अर्धा गणला गेलेला शहाणा तेवढा उरला. नाना फडणवीसांची योग्यता आम्ही कमी लेखत नाही. इंग्रजांशी ते सात वर्षे पुरून उरले. पण बारा जणांचा कारभार एकाच्या मुठीत आला, आणि त्या एकास आवरणारे कोणी राहिले नाही. आपल्या भाषेत तर ‘बारभाई कारभार’ म्हणजे सावळागोंधळ! आमच्याकडे मंडळाच्या वर्गणीवरून दोन तट पडले, की वडीलधारी मंडळी हाच शब्द वापरतात.

या साऱ्या प्रकरणात कलमवार लिहिलेला कागद झाला तो दादाचा, आणि तो येथे, सुरतेत. ६ मार्च १७७५च्या त्या तहाने इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी आणि दादाने साष्टी व वसई तोडून द्यावी असे ठरले. तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवावयाचे होते. वसई १७३९मध्ये दादाच्याच चुलत्याने, चिमाजीअप्पांनी, किती मराठी प्राण खर्चून घेतली होती! पुढे सात वर्षे युद्ध चालले. त्याच्या खुणा आपणा बृहन्महाराष्ट्रीयांच्या अंगणातच आहेत: बडोदेकरांना आनंदजवळचे अडास जवळ, ग्वाल्हेरकरांना सालबाई. १७८२च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी गेली ती गेलीच. इंग्रजांनी दादाचा पक्ष सोडला आणि तो कोपरगावी जाऊन राहिला. तेथेच डिसेंबर १७८३मध्ये त्याचा अंत झाला.

सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५मध्ये, ऐन एकविशीत, शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून गेला. त्याला मूल नव्हते. बरीच कारस्थाने होऊन अखेर नानांना ज्याचा हक्क मान्य करावा लागला, तो राघोबादादाचा मुलगा बाजीराव. नाना १८००मध्ये वारले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्या बाजीरावाने इंग्रजांची फौज पदरी घेण्याचा तह केला, तोही वसईस. बाजीरावाचा जन्म धारचा, जानेवारी १७७५चा. बाप सुरतेस तह करीत होता तेव्हा तो दोन महिन्यांचा होता.