तिकांड्याखालचा धूर

मागच्या जानेवारीत नांदेडहून लातूरला मामाच्या शेतावर माझी ८ इंची डॉबसोनियन घेऊन गेलो, तिला कॅमेरा अडकवला आणि पुरती फजिती झाली. आधी फोकसच होईना. माझ्या दुर्बिणीत आरशाचा प्रकाश नळीच्या जेमतेम बाहेर एकवटतो, सेन्सर राहतो त्याच्याही मागे. बार्लो घालून कसाबसा जमवला, तर ताऱ्यांच्या शेवया! मृगाजवळ आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं आणि आमची डॉबसोनियन ढिम्म.

सोबतच्या मित्राची दुर्बीण भिंगाची, फक्त ८० मिमी. माझ्या आरशापुढे पोरगेलीच. पण ती मोटरवाल्या इक्वेटोरियल माउंटवर होती. लातुरातून ध्रुवतारा जेमतेम १८ अंश वर, तो नेमका आंब्यामागे! मग सगळं बिऱ्हाड बांधावर हलवलं. एकदा अक्ष ध्रुवाकडे लागल्यावर मात्र दोन-दोन मिनिटांचे फोटो आणि तारे ठिपक्यासारखे.

गंमत म्हणजे दोन्ही दुर्बिणी एफ/६, म्हणजे तेजोमेघ सेन्सरवर साधारण सारखाच उजळ पडतो. इथे आरशाचा आकार मिरवून उपयोग नाही. शिवाय एम ४२ अंशभर पसरलेला, दोन पूर्णचंद्र शेजारी ठेवावेत एवढा. त्याच्या ४८० मिमीत तो आरामात बसतो. ८ इंची श्मिट-कॅसेग्रेनच्या २००० मिमीत माझ्या कॅमेऱ्यावर मावणारच नाही. ती ग्रहांसाठी झकास. तेजोमेघांसाठी माझं मत छोटं भिंग आणि दणकट माउंट. पैसे आधी माउंटवर घाला.

असो. रात्री मामा घोंगडी पांघरून आला. डॉबसोनियनला डोळा लावून म्हणाला, "तिकांड्याखाली धूर दिसायलाय की रे!" मग लॅपटॉपवरचा गुलाबी फोटो बघून, "ह्याच्यात तर रंग भरलाव तुम्ही. खरं कोणतं?"

मी सांगितलं, अंधुक प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत, कॅमेरा मिनिटभर प्रकाश साठवतो. हायड्रोजनचा लाल तर साध्या कॅमेऱ्याचा फिल्टर बराचसा अडवतो, म्हणून गुलाबी. मामाने ऐकून घेतलं आणि पुन्हा डॉबसोनियनकडे गेला. अर्धा तास हलला नाही.

माउंट घ्यायचं तर डॉबसोनियन विकावी लागणार, दोन्ही परवडत नाही. परवा मामाचा फोन आला, "ती मोठी नळी कधी आणायलास?"

रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार आहे. किंमत अजून सांगितलेली नाही.