नऊ बाटल्यांची पिशवी

आमची आई ठाण्याहून सांता क्लारात आली त्याला आता बरीच वर्षे झाली. एल कमिनो रिअल रस्त्यावरच्या दुकानांत कडवे वाल आणि कोकम मिळतात म्हणूनच ती येथे रमली, असे आम्ही नवराबायको गमतीने म्हणतो. वयाच्या ७२ व्या वर्षी मात्र एके सकाळी केस विंचरायला तिचा हात वर जाईना. खांदे, मांड्या, सारे आखडलेले. डॉक्टरांनी पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका असे लांबलचक नाव सांगितले आणि रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोन सुरू केले. तीन दिवसांत आई पुन्हा चपात्या लाटू लागली. आम्ही त्या गोळीला मनोमन दुवा दिला.

पुढे त्याच गोळीने चेहरा सुजला, झोप उडाली, साखर वाढली. केस विरळ झाल्याचे तर तिला फारच लागले. मग सल्ल्यांना काय तोटा! लोदची मावशी फोनवरून एक नाव सांगे, शेजारीण दुसरे, आणि तिसरे आम्हीच शोधून आणू. "औषधाने अंगातले कमी झालेले भरून काढायला नको का?" आई प्रत्येक बाटलीपाशी एकच प्रश्न विचारी: कॅप्सूलचे आवरण कसले? जिलेटिन डुकराचे तर नाही, हे आम्ही भिंग लावून वाचले. आत काय आहे, हे मात्र कोणीच वाचले नाही.

आठ-नऊ महिन्यांनी गोळी ५ मिलिग्रॅमवर आली. तोच दरफाळणीचा सण आला. आईने रोजा धरला आणि त्या दिवशी गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही घेतली नाही, कारण चेहरा पूर्ववत् व्हावा ही मनातली हौस. आम्हाला तिने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. रक्तदाब इतका खाली गेला होता की इमर्जन्सीत नेताच सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन द्यावे लागले.

त्या रात्री डॉक्टरांनी जे समजावले, ते आधी कळले असते तर! मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे हॉर्मोन तयार करतात. शरीर रोज स्वतः जेवढे तयार करते ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोनच्या तोडीचे. बाहेरून गोळी येत राहिली की मेंदूतली पिट्युटरी हुकूम देणे थांबवते आणि या ग्रंथी झोपी जातात. त्यांना जागे व्हायला महिने लागतात, कधी वर्षही. तोवर गोळी एकदम बंद केली, तर ताप, उलटी, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी शरीराजवळ काहीच शिल्लक नसते. हेन्च आणि केन्डल यांनी मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली संधिवाताच्या रोग्याला प्रथम कॉर्टिसोन दिले आणि १९५० मध्ये राइखस्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषध खरेच मोठे. पण ते सोडायचे कसे, हेही औषधाइतकेच शिकावे लागते.

मग नर्सबाईंनी घरातल्या सगळ्या बाटल्या मागवल्या. पिशवीत नऊ निघाल्या. तीन बाटल्यांत ड जीवनसत्त्व होते, म्हणजे एकच गोष्ट आई तीनदा घेत होती. केसांच्या बाटलीत बायोटिन १० मिलिग्रॅम. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमची! बायोटिनमुळे हॉर्मोनच्या काही तपासण्या चुकीच्या येतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला आहे. म्हणजे झोपलेली ग्रंथी कागदावर जागी दिसू शकते.

सर्वांत महाग बाटलीवर 'अॅड्रिनल सपोर्ट' असे लिहिले होते. ती आम्ही आणली होती. २०१८ साली मेयो क्लिनिकच्या नियतकालिकात असल्या १२ उत्पादनांची तपासणी छापून आली. बाराही उत्पादनांत थायरॉइडचे हॉर्मोन सापडले, सातांत स्टेरॉइडही. १९९४ च्या कायद्यानुसार असली पूरके विकण्यापूर्वी येथे सरकारी मंजुरी लागत नाही. आम्ही इतकी वर्षे येथे राहतो, पण बाटलीवर छापले म्हणजे कोणी तरी तपासलेच असेल, असे धरून चाललो.

पिशवीतल्या दोन बाटल्या राहिल्या: कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. प्रेडनिसोन हाडे पोखरते, म्हणून या दोन लागतातच, पण ठरलेल्या मापाने. आहारातून किती मिळते असे विचारल्यावर आई ठसक्यात म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यात दूध असते." नारळाचे! त्यात कॅल्शियम नावापुरतेच, हे कळल्यावर ती दोन दिवस रुसली. आता काट्यासकट तारली खाते.

गोळी पुन्हा सुरू झाली आणि या वेळी आणखी सावकाश उतरवली. मधूनमधून सकाळी आठला रक्त तपासतात, त्याआधी बायोटिन नाहीच. यंदाच्या दरफाळणीला गोळी ३ मिलिग्रॅमवर होती. जीव आधी, असे प्रार्थनालयातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगितले, तेव्हा तिने ती घोटभर पाण्याबरोबर घेतली.

परवा लोदहून मावशीने एका नव्या बाटलीचे नाव कळवले. आईने विचारले, "तुझ्या पिशवीत किती आहेत गं?" पलीकडून बराच वेळ बाटल्यांचा खडखडाट ऐकू येत होता.