घरातला समुद्र आणि तपकिरी शेवाळं

घरात समुद्र ठेवायची आयडिया कितीही कूल वाटली, तरी सावद्यात तो ठेवणं म्हणजे जरा अतिच! केळीचं गाव, समुद्र शेकडो किलोमीटर लांब, मे महिन्यात पारा ४५ला टेकलेला. आणि दादाच्या प्रवाळांना हवं २५-२६ डिग्रीचं पाणी! पुण्यातला जॉब सोडून घरी परतताना त्याने तिथलं फक्त हेच आणलं... रीफ टँक. ‘एवढ्या विजेत माझी मोटर चालली असती,’ हा अप्पांचा रोजचा डायलॉग.

मग एक दिवस वाळूवर तपकिरी, चिकट थर आला. त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले. रात्री तो विरळ व्हायचा, लाइट लागले की दुपारपर्यंत पुन्हा हजर! ‘पाणी बदला, फॉस्फेट उतरवा,’ असं दुकानदाराने फोनवर सांगितलं. दादाने दर रविवारी पाणी बदललं. थर वाढतच गेला, गोगलगायी मरायला लागल्या. ‘विकून टाकू यार,’ दादा म्हणाला तेव्हा मात्र मला टेन्शन आलं. कारण तो फक्त टँकबद्दल बोलत नव्हता.

पत्रकार असल्याचा एक फायदा असतो, खोदून काढायची सवय. ओळखीच्या सरांकडून शाळेचा मायक्रोस्कोप आणला. थेंबाच्या आकाराच्या पेशी एका टोकाला बांधल्यासारख्या गरगर फिरत होत्या. डायनोफ्लॅजेलेट! डायनोसॉरशी काही संबंध नाही हं, ग्रीक ‘डिनोस’ म्हणजे भोवरा. आमचा पाहुणा होता ऑस्ट्रिओप्सिस. तो विषारी असतो, म्हणून टँकमध्ये हात घालताना ग्लोव्हज मस्ट.

आणि खरी गंमत पुढेच! नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य झाले, की इतर शेवाळं आणि जिवाणू उपाशी मरतात. मैदान मोकळं मिळतं ते याला. म्हणजे पाणी घाण नव्हतं, नको इतकं स्वच्छ होतं! हे अप्पांना सांगितलं तर ते हसलेच. ‘नांगरून मोकळं सोडलेलं वावर कधी मोकळं राहतं का? आधी तणच येतं.’

मग प्लॅन उलटा केला. पाणी बदलणं बंद. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत हळूहळू वाढवलं. तीन दिवस लाइट बंद, टँकवर चादर. ऑस्ट्रिओप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून रात्रभर पाणी यूव्ही दिव्याखालून फिरवलं. हाच उपाय वाळूत दडून बसणाऱ्या अ‍ॅम्फिडिनियमवर फारसा चालत नाही, म्हणून आधी ओळख पटवणं महत्त्वाचं. पुढचे काही आठवडे लोडशेडिंग झालं की इन्व्हर्टरकडे धाव! हळूहळू काचेवर साधं हिरवं शेवाळ आलं आणि दादा चक्क नाचला.

नोव्हेंबर २०२०मध्ये जुहूच्या निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. ती नॉक्टिलुका, याच कुळातली. आणि प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला बरंचसं अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळही याच कुळातलं! एकाच घरात सगळ्याच प्रकारची माणसं असतात, तसं.

दादाने टँक विकला नाही. रोज संध्याकाळी अप्पा खुर्ची ओढून टँकसमोर बसतात. मोटरचा विषय मात्र निघतोच!