बिलानंतरचं पत्र

दुकानदाराने ग्राहकाचे आभार संगणकाकरवी मानावेत, ही कल्पना मला अनेक वर्षं अजिबात पटत नव्हती. आभार मानायचे तर समोर, पिशवी हातात देताना. खांदेश्वर स्टेशनापासून चालत येण्याच्या अंतरावर माझी नर्सरी आहे. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, तुळस, थोडी शोभेची झाडं, कुंड्या, गांडूळखत. आलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय मी रोप विकत नाही. बाल्कनी पूर्वेला की पश्चिमेला, ऊन किती वेळ येतं, दिवसा घरात कोण असतं, एवढं विचारते आणि मगच रोप काढते. इतकं बोलणं झाल्यावर वर आणखी ई-मेल कशाला, असं मी ठामपणे म्हणत आले. आज माझ्याच नर्सरीतून तशी पत्रं जातात, आणि ती जायलाच हवीत असं माझं मत झालं आहे.

विरोधाला कारणं होती, आणि त्यांतली काही मला अजूनही बरोबर वाटतात. मोठ्या दुकानांत बिल करायच्या आधी मोबाइल नंबर विचारतात. नंबराशिवाय बिलच निघत नाही असं सांगणारे काउंटर मी पाहिले आहेत. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याला किरकोळ विक्रेत्यांना सांगावं लागलं, की नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवून धरू नका. नंबर आणि पत्ता दिला की रतीब सुरू होतो. एका दुकानातून मी मिक्सर घेतला होता. स्वागताचं पत्र आलं, आभाराचं आलं, ‘खरेदीचा अनुभव कसा होता’ असं विचारणारं आलं, वाढदिवसाच्या सवलतीचंही आलं. भांड्याचं पातं सैल निघालं म्हणून मी त्यांच्याच आभाराच्या पत्राला उत्तर लिहिलं, तर या पत्त्यावर उत्तरं स्वीकारली जात नाहीत, असा निरोप उलट आला. माझे इतक्यांदा आभार मानणाऱ्या दुकानाला माझं एक वाक्य ऐकून घ्यायची सोय ठेवावीशी वाटली नाही, याचा मला फार राग आला होता.

माझा भाचा ऐरोलीला एका ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत ग्राहकांना जाणाऱ्या पत्रांचंच काम करतो. त्याचं म्हणणं वेगळं होतं. दुकानाकडून येणाऱ्या सगळ्या मेलमध्ये पहिलं, स्वागताचं मेल सर्वांत जास्त उघडलं जातं, हे त्या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो. खरेदी नुकतीच झालेली असते, दुकानाचं नाव डोक्यात ताजं असतं, काहीतरी येईल अशी अपेक्षाही असते. पुढच्या जाहिराती लोक न उघडताच टाकून देतात. “मावशी, माणूस तुझं ऐकायला तयार असतो तो तेवढाच वेळ. बहुतेक दुकानं त्या वेळात कूपन देतात. तू काय देशील ते तू ठरव,” असं तो म्हणायचा. मी ऐकून घ्यायची, पण पटवून घ्यायची नाही.

माझं मत बदललं ते खांदा कॉलनीतल्या एका ताईंमुळे. त्यांनी माझ्याकडून मोगरा नेला होता. बऱ्याच महिन्यांनी मैत्रिणीबरोबर आल्या, मैत्रिणीला रोपं निवडून दिली, स्वतः काही घेतलं नाही. मी आग्रह केला तर म्हणाल्या, “नको काकू, माझ्या हाताला झाड लागत नाही.” मी खोदून विचारलं. नेलं त्याच संध्याकाळी त्यांनी मोगरा काळ्या पिशवीतून काढून मोठ्या कुंडीत लावला होता, मुळांची जुनी माती झटकली होती, दुसऱ्या दिवसापासून भर उन्हात ठेवला होता आणि पानं पिवळी पडू लागली तसतसं पाणी वाढवत नेलं होतं. आमच्याकडची बरीच रोपं पुण्याजवळच्या उरुळी कांचन भागातून येतात. शेडनेटच्या सावलीत वाढलेली, टेम्पोतून घाट उतरून एका रात्रीत आपल्या दमट हवेत आलेली. नव्या जागी त्यांची काही पानं गळणारच. त्यांना आठवडाभर तरी सावलीत, आहे त्याच पिशवीत राहू द्यावं लागतं. हे मी ताईंना विकताना सांगितलं होतं. त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, कारण एका हातात मुलगा होता आणि बाहेर रिक्षा थांबवलेली होती.

“मग विचारायला का नाही आलात?” म्हटलं. त्या म्हणाल्या, “रात्री गाडीतून उतरते तेव्हा तुमचं बंद झालेलं असतं. आणि एवढ्याशा रोपासाठी तुम्हाला काय त्रास द्यायचा.”

हे उत्तर माझ्या मनातून गेलं नाही. ‘माझे ग्राहक’ म्हणून माझ्या डोळ्यांसमोर जे चेहरे यायचे, ते सगळे परत येऊन विचारणाऱ्यांचे होते. सकाळी फिरायला निघालेले निवृत्त काका, शाळेत मुलं सोडून येणाऱ्या बायका. “काकू, जास्वंदीवर पांढरं आलंय हो,” म्हणत ते फांदीच घेऊन यायचे. समोरासमोरच्या नात्याचा माझा अभिमान या लोकांवर उभा होता. पण खांदेश्वर, कामोठे, नवीन पनवेल ही सगळी पहाटे गाडी पकडणाऱ्यांची वस्ती आहे. हार्बर मार्गाच्या लोकलने मुंबईत सीएसएमटी गाठायला सव्वा तासाच्या वर लागतो. हे लोक रविवारी घाईने येतात, रोप नेतात आणि आठवडाभर दुकान उघडं असताना इकडे फिरकू शकत नाहीत. झाड मेलं तर दोष स्वतःच्या हाताला देतात. त्यांच्याशी माझं नातं बिलापाशीच संपत होतं, आणि मला सल्ला द्यायचा असतो तो नेमका तिथून पुढे. विकताना सांगितलेल्या चार गोष्टींतली एक लक्षात राहते. पानं पिवळी पडतात चौथ्या-पाचव्या दिवशी.

मग मी भाच्याला म्हटलं, कर सुरू, पण मजकूर मी लिहिणार. मोगरा नेणाऱ्याला त्याच रात्री जाणारं पत्र असं आहे:

‘आज आपण मोगऱ्याचं रोप नेलंत, आभारी आहे. आठवडाभर ते आहे त्याच पिशवीत, उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा. बोट मातीत घालून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी घाला. काही पानं पिवळी पडून गळतील. घाबरू नका, पाणी वाढवू नका. नंतर कुंडीत लावताना मुळांभोवतीची माती फोडू नका. काही शंका आली तर याच पत्राला उत्तर लिहा, फोटो पाठवलात तर उत्तम. दुपारी गर्दी कमी असते तेव्हा मी स्वतः उत्तर देते.’

पत्र संगणक पाठवतो. एके काळी एवढ्यावरच मी त्याला पोकळ ठरवलं असतं. आता मला वाटतं, पाठवलं कोणी यापेक्षा त्याला उत्तर देता येतं का आणि ते उत्तर कोण वाचतं, यावर आभारांचा खरेपणा ठरतो. मी मिक्सर घेतला त्या दुकानाचं पत्रही संगणकानेच पाठवलं होतं. फरक होता तो पलीकडचं दार बंद असण्याचा.

उत्तरं येतात, आणि बरीचशी गाडीतून लिहिलेली असतात. एका तरुणाने जास्वंदीच्या शेंड्याचा फोटो पाठवला, कापसासारखं पांढरं चिकटलेलं. पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांडी घासायचा साबण, ऊन उतरल्यावर फवारायचं, पानांच्या खालच्या बाजूनेही, असं कळवलं. तो दुकानात कधी बोलला नसता. रविवारी आला तेव्हाही गप्पच होता. या पत्रांतून मीही शिकले. कामोठ्याच्या इमारतींमधून इतक्या जणांनी बाल्कनीचे फोटो पाठवले, की समोरच्या भिंतीमुळे तिथे ऊन किती कमी पोचतं ते मला पहिल्यांदा दिसलं. तिथल्या माणसाने गुलाब मागितला तर आता मी आधी बाल्कनीचा फोटो बघायला मागते.

सगळ्यांत उपयोगाचं ठरलं ते थंडीतलं पत्र. डिसेंबर-जानेवारीत कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळतात आणि लोक झाड मेलं म्हणून कुंडी रिकामी करतात. ‘टाकू नका, पाणी कमी करा, ऊन वाढलं की फुटेल’ एवढाच त्यात मजकूर. त्यात विकण्यासारखं काहीच नाही, उलट नवं रोप खपायचं तेही खपत नाही. तरीही ते पाठवणं हाच मला चांगला धंदा वाटतो.

ग्राहकाला विक्रीनंतर लिहीत राहणं आपल्याकडे नवं नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्र. शंकरराव किर्लोस्करांनी त्यात वाचण्यासारखं इतकं दिलं, की पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि पाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ निघाली. माझ्या चार ओळींची त्याच्याशी तुलना करायची नाही. पण कारखान्याच्या पत्राला लोकांनी घरात जागा दिली ती त्यातल्या मजकुरासाठी, हे मी मनाशी पक्कं धरलं आहे.

अटी मात्र मी घातल्या. पत्ता देणं ऐच्छिक. न देणाऱ्याला रोप आणि सल्ला तसाच मिळतो. पहिल्याच पत्रात लिहिलेलं असतं की खरेदीनंतर हे एक आणि मग ऋतूला एक, याहून जास्त येणार नाही, आणि नको असेल तर या ओळीवर बोट ठेवा, बंद होईल. जीमेलने 2024 मध्ये दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत बंद करायची सोय सक्तीची केली. आम्ही त्या आकड्याच्या जवळपासही नाही, पण नियम मला आवडला. व्यक्तिगत डेटाच्या 2023 च्या कायद्यातही हेच आहे, की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणं सोपं हवं. भाच्याच्या धंद्यात पत्रात एक न दिसणारं, ठिपक्याएवढं चित्र घालतात. पत्र उघडलं की ते दुकानाच्या संगणकावरून मागवलं जातं आणि कोणी कधी वाचलं ते कळतं. ते मी घालू दिलं नाही. माझं पत्र कोणी गाडीत वाचलं की रात्री अंथरुणात, ते जाणून घेण्याचा मला काही अधिकार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आमचा वाद अजून चालू आहे. 2018 मध्ये छोट्या दुकानांसाठी त्यांचं वेगळं अ‍ॅप आलं, त्यात स्वागताचा निरोप आपोआप जातो, आणि आमचे कितीतरी ग्राहक ई-मेल उघडतही नाहीत, हे भाच्याचं म्हणणं खरं आहे. पण तिथे माणसाच्या घरच्यांचे निरोप असतात. त्यांच्यात आपण घुसावं असं मला वाटत नाही. ई-मेल सवडीने वाचता येतं. तूर्तास ज्यांना ई-मेल नाही, त्यांच्या पिशवीत तोच मजकूर छापून घालते. जुलैच्या पत्रात कुंडीखालच्या ताटलीत साचणारं पाणी आणि डास यांबद्दल लिहायचं आहे. गेल्या पावसाळ्यात सर्वांत जास्त उत्तरं त्यावर आली होती, आणि त्यांतल्या दोन-तीन सूचना माझ्या सल्ल्याहून चांगल्या होत्या. त्या लिहिणाऱ्यांची परवानगी घेऊन यंदा पत्रात घालणार आहे.